पंधरा तालुक्यांची फेरी : अचूक क्रम हवा की कामापुरता?

धागाकर्ता, जळगाव :
ठिबकचे सुटे भाग घेऊन आमची गाडी जिल्ह्यातील पंधराही तालुक्यांची ठिकाणे करून जळगावला परतते. चालक प्रत्येक वेळी जवळचे गाव आधी घेतो. मग चाळीसगाव शेवटी एकटे उरते आणि तेवढ्यासाठी लांबचा हेलपाटा पडतो. सगळे क्रम तपासायचे तर ते ४,३५८ कोटींहून अधिक भरतात. तरीही एवढ्या फेरीसाठी सर्वांत कमी अंतराचा क्रम अचूकच काढावा, अंदाजावर समाधान मानू नये, असे माझे ठाम मत आहे. हेल्ड आणि कार्प यांच्या १९६२ सालच्या पद्धतीत गावांचा प्रत्येक गट आणि त्यातले शेवटचे गाव यांसाठीचे किमान अंतर एकदाच काढून नोंदवतात. धरणगाव, एरंडोल, पारोळा करून अमळनेरला पोहोचल्यावर ती तीन गावे कोणत्या क्रमाने झाली, याचा पुढच्या वाटेशी संबंध उरत नाही. पंधरा गावांचे हे काम सुमारे ७४ लाख पायऱ्यांत, म्हणजे साध्या संगणकावर काही क्षणांत होते.

वितरक, शहादा :
मी असहमत आहे. माझी साठ दुकाने आहेत आणि या पद्धतीत एक ठिकाण वाढले की काम दुपटीहून जास्त होते. त्यातून मध्ये तापी. नकाशावर समोर दिसणारे गाव पुलाच्या वळशाने लांब पडते. मी चालकाचाच क्रम घेतो, त्यातले दोन टप्पे तोडतो, मधला भाग उलटा जोडतो आणि अंतर घटले तरच तो बदल ठेवतो. क्रोज यांनी १९५८ साली मांडलेली ही रीत कागदावरही जमते.

गणित शिक्षिका, अमळनेर :
जमते, पण ती कुठे अडकेल याची हमी नाही. ख्रिस्तोफिडीस यांची १९७६ ची पद्धत निदान सर्वांत कमी अंतराच्या दीडपटीच्या आत राहण्याची हमी देते; अट एवढीच की जाता-येता अंतर सारखे असावे आणि थेट वाट वळशाच्या वाटेपेक्षा लांब नसावी. शिवाय साठ दुकानांना अचूक उत्तर नाही, हे मला मुळीच मान्य नाही. डँटझिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी १९५४ साली अमेरिकेतील ४९ शहरांची फेरी, नको असलेली उत्तरे छाटणाऱ्या अटी एकेक करून वाढवत, अचूक सोडवली. २००६ साली तीच पद्धत ८५,९०० बिंदूंपर्यंत पोहोचली.

वितरक, शहादा :
मान्य, पण तुम्ही किलोमीटर मोजता. केळीच्या हंगामात रावेरच्या वाटेवर ट्रकांची गर्दी असते. सकाळी आणि दुपारी लागणारा वेळ एक नसतो.

धागाकर्ता, जळगाव :
हे पटले. पुढच्या फेरीत चालकाला प्रत्येक टप्प्याचा निघण्याचा आणि पोहोचण्याचा वेळ लिहायला सांगतो. अचूक क्रम मात्र त्याच तक्त्यावर काढणार.