सेडानमधल्या स्पोर्ट मोडमुळे गाडीत नेमके काय बदलते?

जुळे सोलापूरकर

नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी आम्ही टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) पेट्रोल इंजिनाची, सात गिअरच्या डीसीटीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) सेडान घेतली. स्पोर्ट मोड लावला की गाडीची ताकद वाढते, असे शोरूममध्ये सांगण्यात आले होते. गेल्या मंगळवारी आईला तुळजापूरला नेताना मी तो प्रथमच लावून पाहिला. गाडी ताशी ८० च्या वेगाने एकसारखी चालली होती आणि मी पाय जराही हलवला नव्हता, तरी टॅकोमीटरचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणारा) काटा १७०० वरून २५०० च्या आसपास गेला, स्टिअरिंग हाताला जड लागले आणि मागून आईने "काही बिघडलं का रे?" असे विचारले. ताकद खरोखर वाढते का, आणि अशा चालवण्याने इंजिनाची झीज होते का?

अक्कलकोट रोड

ताकद वाढत नाही. ह्युंदाईच्या व्हर्ना सेडानचे १.५ लिटर टर्बो इंजिन घ्या: त्याची १६० पीएस शक्ती आणि २५३ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हे आकडे कोणत्याही मोडमध्ये तेच राहतात. बदलतो तो गाडीचा प्रतिसाद.

आता ॲक्सिलरेटरला पूर्वीसारखी केबल नसते. पेडल किती दाबले हे सेन्सर इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडायचे ते इसीयू ठरवतो. स्पोर्टमध्ये तेवढ्याच दाबाला थ्रॉटल अधिक उघडते, म्हणून गाडी चपळ वाटते. पण पेडल तळापर्यंत दाबले तर नॉर्मल आणि स्पोर्ट या दोन्ही मोडमध्ये थ्रॉटल पूर्णच उघडते. ज्यांना शंका असेल त्यांनी मोकळ्या रस्त्यावर हे करून पाहावे.

तुम्ही पाहिलेला काटा मात्र गिअरबॉक्समुळे हलला. नॉर्मलमध्ये इंधन वाचवण्यासाठी तो लवकरात लवकर वरचा गिअर टाकतो, तर स्पोर्टमध्ये खालचा गिअर धरून ठेवतो, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब लवकर तयार होतो आणि पाय दाबल्यावर गिअर उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. स्टिअरिंगची विद्युत मदत कमी केली जाते, त्यामुळे ते जड लागते. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत सस्पेन्शन (धक्के झेलणारी रचना) बदलत नाही.

झिजेची काळजी नसावी, कारण फेऱ्यांची कमाल मर्यादा तीच असते. फक्त सकाळी इंजिन गरम होईपर्यंत थांबावे. पेट्रोल मात्र नक्की जास्त लागते.

होटगी रोड

माझ्या सीव्हीटी (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) सेडानमध्ये निराळा मोड नसून गिअर लिव्हरवर एस, म्हणजे स्पोर्ट, आहे. त्यात ठराविक गिअर नसल्याने फेऱ्या नुसत्या वर राहतात आणि आवाज वाढतो, पण चढावर गाडी दमल्यासारखी वाटत नाही.

जुळे सोलापूरकर

मनापासून आभार. मग हा मोड नेमका कुठे वापरावा?

अक्कलकोट रोड

गाळप हंगामात बार्शी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. ती लांबी ओलांडताना समोरच्या मार्गिकेत जितका कमी वेळ राहू तितके बरे, म्हणून रस्ता मोकळा दिसण्याआधीच, मागे अंतर राखून असतानाच, मोड लावावा. ओलांडून झाले की नॉर्मलवर यावे. मोड लावल्याने समोरून येणाऱ्या वाहनाचे अंतर वाढत नाही, हे मी माझ्या मुलाला शिकवताना रोज सांगतो.

दुसरी जागा तुळजापूरहून परतताना लागणारा घाटाचा उतार. खालचा गिअर धरला गेल्याने इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. पाय पूर्ण उचललेला असला की इंधन फवारणारे इंजेक्टर ते बंद करतात, त्यामुळे फेऱ्या वर असूनही तेवढा वेळ पेट्रोल जळत नाही.

सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या गर्दीत मात्र लावू नये. पेडल तिखट झालेले असते, गाडी धक्के देते आणि मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मळमळते. तुमच्या डीसीटीचा क्लच कोरडा (तेलात न बुडालेला) असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हात इंच इंच सरकल्याने तो तापतो. तिथे पुढच्या गाडीपासून थोडे अंतर सुटू द्यावे आणि मगच एकदम पुढे घ्यावी.

जुळे सोलापूरकर

येत्या पौर्णिमेला पुन्हा तुळजापूरला जायचे आहे. येताना उतारावर लावून पाहीन, मात्र आईला आधी सांगून.