सॅम्पलरची कंपनी बंद पडणार म्हणतात. आपल्या जुन्या कामांचं काय?

विश्रामबाग_स्टुडिओ (सांगली)

मंडळी, गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर एकच चर्चा आहे. मी ज्या कंपनीचा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले सूर की-बोर्डवरून वाजवायचं सॉफ्टवेअर) वापरतो ती विकली जाणार, कुणी म्हणतं बंदच होणार, कुणी म्हणतं सगळं महिन्याच्या वर्गणीवर नेणार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खरं किती ते कळायला मार्ग नाही, आणि अफवेत माझी भर नको.

माझं काम साधं आहे. भजनी मंडळांचे अभंग, यात्रेची गाणी, गणपतीची गाणी. आषाढीच्या आणि गणपतीच्या आधी मान वर करायला सवड नसते. पण जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. मिरजेला सतारमेकर गल्लीत एका कारागिरांच्या दुकानात बसून मी तंबोरा रेकॉर्ड केला होता. दिवसा गाड्यांचा आवाज, म्हणून पहाटे बसलो. त्यांनी घोडीवर तारेखालचं सूत सरकवत जवारी (तारेची गुंजणारी आस) लावली. सूत केसभर इकडचं तिकडं झालं की तार बसल्यासारखी वाजते, आणि नेमक्या जागी आलं की खोली भरून जाते. पंचम, दोन्ही जोड, खर्ज, प्रत्येक तार वेगळी घेतली, हलक्या बोटानं आणि जरा जोरात, पूर्ण विरेपर्यंत. मग ते सगळं त्या सॅम्पलरमध्ये बसवलं. इथल्या बऱ्याच मंडळांच्या अभंगांमागे तोच तंबोरा आहे.

उद्या मशीन बदललं आणि कंपनीच नसली, तर हे उघडणार का? मंडळाची माणसं वर्षा-दोन वर्षांनी येतात आणि म्हणतात, तेच गाणं, पण काळी चारवरून काळी दोनला, म्हणजे खालच्या पट्टीत घ्या. आत्ताच दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का? पैसे आहेत, पण जपून ठेवलेले आहेत.

बीट_इस्लामपूर

भावा, एवढं काय टेन्शन घेतोस. बंद पडली तर क्रॅक (परवान्याचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत) मिळतंय की.

जुना_रेकॉर्डिस्ट (सातारा)

क्रॅकचा सल्ला देऊ नका. गिऱ्हाइकाचं काम असलेल्या मशीनवर कुठून आलंय ते माहीत नसलेली फाइल चालवायची, आणि एक दिवस सगळी डिस्क कुलूपबंद होऊन बसायची. शिवाय ज्यानं ते सॉफ्टवेअर बनवलं त्याच्या पोटाचाही प्रश्न आहे.

आता विश्रामबागवाल्या भाऊंसाठी. कॅसेटच्या काळापासून या धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी विकली जाणं आणि सॉफ्टवेअर मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी स्टाइनबर्ग आधी पिनॅकल कंपनीकडे गेली, 2005 पासून यामाहाकडे आहे, क्यूबेस आजही चालू आहे. उलट 2002 मध्ये अ‍ॅपलनं इमॅजिक कंपनी घेतली आणि त्याच वर्षी तिच्या लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची विंडोज आवृत्ती बंद केली. ज्यांचे पीसी होते ते तिथंच अडकले. आणि केकवॉक कंपनीचं तर दोन्ही झालं. 2016 मध्ये त्यांनी आपल्या ‘सोनार’ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला आयुष्यभर अपडेट देऊ म्हणून पैसे घेतले. 2017 च्या नोव्हेंबरात मालक गिब्सननं काम थांबवल्याचं जाहीर केलं. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि फुकट दिलं. म्हणजे मधल्या तीन महिन्यांत ज्यांनी घाबरून दुसरं घेतलं, त्यांचे पैसे गेले. अफवेवर खरेदी करू नका म्हणतो, ते यासाठी.

वर्गणीचंही तसंच. 2023 च्या मार्चमध्ये इफेक्टची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या वेव्हज कंपनीनं कायमचा परवाना विकणं बंद केलं. जगभरातून एवढी ओरड झाली की काही दिवसांत परत सुरू करावं लागलं.

खरी नड आहे ती परवाना तपासणाऱ्या सर्व्हरची. तुमच्या मशीनवर जे आधीच अ‍ॅक्टिव्हेट झालंय ते बहुधा चालत राहतं. अडतं ते नवीन मशीनवर, किंवा विंडोज नव्यानं टाकल्यावर. म्हणून चालू मशीनच्या आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) करून ठेवा, इन्स्टॉलर उतरवून ठेवा, आणि हंगाम संपेपर्यंत कुठलंही मोठं अपडेट घेऊ नका.

तंबोऱ्याचं तर तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलंय! मूळ वेव्ह फाइली (कच्चं रेकॉर्डिंग) आहेत ना? त्या असतील तर तंबोरा तुमचाच आहे. नुसत्या सॅम्पलरच्या फाइलीत बंद असतील, तर आजच बाहेर काढा. प्रत्येक फाइलच्या नावात तार, पट्टी आणि जोर लिहा. पुन्हा कुठल्याही सॅम्पलरमध्ये बसवणं हे दोन-चार बैठकांचं काम आहे. ती पहाटेची जवारी मात्र तशीच्या तशी पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही.

जुन्या गाण्यांचं म्हणाल तर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेगळा बाउन्स करा, म्हणजे ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढा, इफेक्टसह एक आणि कोरा एक. शेजारी मिडी फाइल (आवाज नाही, फक्त कुठला सूर कधी वाजला याची नोंद), आणि साध्या मजकुरात टेम्पो व पट्टी. पट्टी बदलून मागतात म्हणालात, तेव्हा मिडी सोडूच नका. काळी चारचा वेव्ह खाली खेचून काळी दोन केला तर टाळ चिखलात वाजल्यासारखे लागतात.

तालमणी_मिरज

दादांशी सहमत. एकच सांगायचं राहिलं. बॅकअपची डिस्क स्टुडिओतच, टेबलाखाली ठेवू नका. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. माझ्या ओळखीतल्या एकाचं मशीन वाचलं, ते माळ्यावर नेलं होतं. डिस्क खालच्या कपाटात राहिली. एक प्रत गावाबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा.

विश्रामबाग_स्टुडिओ (सांगली)

दादा, खूप आभार. मूळ वेव्ह आहेत, पण नावं सगळी रेकॉर्डरनं दिलेली, नुसते आकडे. आज बसून कानानं ओळखून नावं द्यायला घेतली. खर्ज आणि पंचम लगेच कळतात, दोन जोडांत फरक करायला वेळ लागतोय. खरेदी थांबवली. एक प्रत बहिणीकडे विट्याला पाठवतो.

एक शंका राहिली: कोरा ट्रॅक काढताना तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या काढू, की एकत्र?

जुना_रेकॉर्डिस्ट (सातारा)

वेगवेगळ्या. उद्या एखादा गवई पंचमाऐवजी मध्यम मागेल, तेव्हा तेवढी एकच तार बदलता येईल.