परदेशी वेशातील जुन्या बाहुल्या आमच्या उन्हाळ्यात कशा जपाव्यात?

प्रश्न (भुसावळ) : माझे काका व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि प्रत्येक सफरीहून परतताना ते आजीसाठी त्या त्या देशाच्या वेशातील एक बाहुली आणत असत. अशा 26 बाहुल्या आता माझ्याकडे आल्या आहेत. झालरींचा घागरा घातलेल्या स्पॅनिश नर्तकीचे पाय मे महिन्यात चिकट होतात. जपानी बाहुलीचा चेहरा आम्ही ओल्या फडक्याने पुसला, तेव्हापासून तो खरखरीत झाला आहे. एका लहान बाहुलीला चोळले की कापरासारखा वास येतो. कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या आहेत. आणखी काय करावे?

उत्तर (धुळे) : सर्वप्रथम डांबरगोळ्या काढाव्यात, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते. कापराचा वास येणारी बाहुली बहुधा सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची असावी, कारण ते तयार करताना कापूरच वापरतात. ते क्षणात पेट घेते, म्हणून ती बाहुली देवघरातील समईपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी. शिवाय जुने सेल्युलॉइड झिजताना आम्लधर्मी वायू सोडते व त्याने शेजारच्या बाहुल्यांचे कापड खराब होते, त्यामुळे ती वेगळ्या, हवा खेळती राहणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असावी.

नर्तकीच्या पायांचा चिकटपणा म्हणजे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून मिसळलेले द्रव्य वर आलेले असते. उष्णतेने ते वाढते, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतचे कपाट टाळावे आणि तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच गुंडाळू नये. धुतलेले, खळ नसलेले मांजरपाट उत्तम.

उत्तर (अमळनेर) : पारंपरिक जपानी बाहुल्यांच्या चेहऱ्यावर शिंपल्यांची पूड सरसात कालवून लेप देतात. तो लेप पाण्याने सुटतो, म्हणून यापुढे केवळ मऊ, कोरडा कुंचला वापरावा. फाटलेले वस्त्र बदलून नवे शिवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण अशा बाहुलीत वेशच मुख्य असतो. स्पॅनिश बाहुलीच्या मनगटाला किंवा घाघऱ्याला चिठ्ठी आहे का, तेही पाहावे. मारिन नावाच्या कारखान्याने 1928 पासून चिक्लाना गावी अशा नर्तकी घडवल्या.

उत्तर (जळगाव) : दिल्लीस जाणे झाल्यास व्यंगचित्रकार शंकर यांनी 1965 साली उघडलेले बाहुली संग्रहालय अवश्य पाहावे. हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून त्यांना हा छंद जडला होता. घरी आजी असतील, तर कोणती बाहुली कोणत्या बंदरातील, हे त्यांना विचारून आताच लिहून ठेवावे. ही माहिती नंतर कोठूनही मिळणार नाही.

प्रश्नकर्ता (भुसावळ) : आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. डांबरगोळ्या काढल्या. आजी 91 वर्षांची आहे, पण तिला 19 बंदरे आठवली.