मदत हवी आहे: नागरी आणि वांशिक राष्ट्रवाद यातला फरक कसा समजावू?
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. पुतणी राज्यशास्त्रात एमए करते, सोमवारी तिचा याच विषयावर सेमिनार आहे. काल तर्री पोहे खाता खाता मी शहाणपणा केला, म्हटलं नागरी म्हणजे एकच कायदा अन् नागरिकत्व मानणारे ते राष्ट्र, वांशिक म्हणजे एका वंशाचे, रक्ताचे ते राष्ट्र; फ्रान्स म्हणजे नागरी, जर्मनी म्हणजे वांशिक, झालं काम. तर ती म्हणे काका, जर्मनीने १९१३ चा रक्ताच्या नात्यावरचा कायदा २००० पासून बदलला ना, आता तिथे जन्मलेल्या परदेशी लोकांच्या पोरांनाही काही अटींवर नागरिकत्व मिळते, मग? माझी तर्री तिथेच थंड झाली.

वरून आपलंच बघा, १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला की बहुतेक नागरिकच, नंतर आई किंवा बाप भारतीय पाहिजे, अन् डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेलाही नको. म्हणजे आपण जमिनीकडून रक्ताकडे सरकलो म्हणायचं का, की कायदा वेगळा अन् राष्ट्रवाद वेगळा? मला हे दुसरंच खरं वाटते, पण पटवून सांगता येऊन नाही राहिलं.

अन् तो फ्रेंच विचारवंत रेनाँ, १८८२ च्या भाषणात राष्ट्राला रोजचं सार्वमत, म्हणजे लोकांची सोबत राहायची रोजची मर्जी म्हणतो, पण सोबत सामायिक आठवणीही धरतो, तो कुठल्या खान्यात टाकू? कोणी प्राध्यापक असतील तर रविवारच्या आधी सोप्या मराठीत सांगा ना जी.