मदत हवी आहे: चिलटं अतिनील उजेडाकडे गेली, म्हणजे त्यांना रंग कळतात असं म्हणता येईल का?

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या दोन मुली प्रदर्शनासाठी चिलटांवर प्रयोग करताहेत. त्यांच्या हातून चुकीचा निष्कर्ष लिहिला जाईल अशी भीती वाटते, म्हणून विचारते.

आधी एक खुलासा. फळमाशी म्हटलं की इकडे पेरू-आंब्याच्या बागेत सापळे लावून धरतात ती आठवते. आमची ती नव्हे. काळ्या पडलेल्या केळ्यावर घोंगावणारी, ड्रोसोफिला. रावेरकडची केळी घरोघरी, त्यामुळे चिलटांना तोटा नाही. तोटा आहे थंडाव्याचा. त्यांना २५ अंशांच्या आसपास मानवतं, म्हणून बाटल्या माठाशेजारी ओल्या गोणपाटात ठेवतो.

काळ्या कागदात गुंडाळलेली नळी, एका टोकाला नोटा तपासायचा अतिनील टॉर्च, दुसऱ्या टोकाला हिरवा एलईडी. बहुतेक चिलटं टॉर्चकडे जातात. मुलींनी लिहिलं, ‘चिलटांना रंग ओळखता येतात.’ एकीच्या आजीनं विचारलं, “माशीले रंग दिसस का वं?” मुलगी पटकन हो म्हणाली. मला म्हणवेना.

मी वाचलं ते असं. चिलटाच्या एका डोळ्यात साडेसातशेच्या आसपास नेत्रिका, म्हणजे छोटे छोटे डोळेच, प्रत्येकीत आठ प्रकाशपेशी. आर-१ ते आर-६ मुख्यतः हालचाल टिपतात. रंगाचं काम आर-७ आणि आर-८ यांचं. त्या एकीखाली एक, एकाच उजेडाच्या वाटेत बसलेल्या. सुमारे ३० टक्के नेत्रिकांत अतिनील-निळा अशी जोडी, बाकीच्यांत अतिनील-हिरवा. कोणत्या नेत्रिकेला कोणती जोडी, हे स्पाइनलेस नावाचं जनुक जणू चिठ्ठ्या टाकून ठरवतं.

पण एकटी पेशी फक्त किती उजेड शोषला तेवढंच सांगते. तिच्या लाडक्या रंगाचा मंद दिवा आणि नावडत्या रंगाचा झगझगीत दिवा तिला सारखेच. शिवाय आर-७ कडून डीएम-८ या चेतापेशीला संदेश जातो आणि ती बंद पाडली की अतिनीलची ओढच जाते, असं २००८ मध्ये दिसलं. मग आमच्या नळीत दिसते ती नुसती ओढ नाही कशावरून?

दोन गोष्टी सांगा. प्रयोगात काय बदलू? आणि आर-७, आर-८ आपल्या टोकांशी हिस्टामिन हे संदेशवाहक रसायन सोडून एकमेकींना दाबतात, म्हणजे दोघींच्या संदेशांची वजाबाकी तिथेच होते. मग पुढच्या पेशी करतात काय?

प्रतिसाद

मॅडम, तुमची शंका रास्त आहे. ओढ वेगळी, ओळख वेगळी. सध्याच्या निकालावर ‘चिलटं या टॉर्चकडे जास्त जातात’ एवढंच लिहा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. एका नेत्रिकेतली वजाबाकी अतिनील-निळा किंवा अतिनील-हिरवा एवढीच. निळ्याची पेशी एका जातीच्या नेत्रिकेत, हिरव्याची दुसऱ्या जातीच्या. म्हणजे निळा-हिरवा ताडून पाहायचा तर शेजारणींचं ऐकावंच लागतं. ते काम डीएम-९ ही चेतापेशी करते. ती अनेक नेत्रिकांचे संदेश घेते आणि उलट प्रकाशपेशींनाच आवर घालते. पुढे टीएम-५ आणि टीएम-२० या चेतापेशी हे संदेश घेऊन मेंदूतल्या लोब्युला या दृष्टीच्या भागाकडे जातात. या टीएम पेशी साऱ्या एकदम बंद केल्या तर चिलटं रंग शिकत नाहीत; थोड्याच बंद केल्या तर उरलेल्या निभावून नेतात.

म्हणून अतिनील सोडा, मुलींच्या डोळ्यांसाठीही ते बरं. निळा आणि हिरवा एलईडी घ्या. उपाशी चिलटांना एका रंगाबरोबर साखर द्या, दुसऱ्याबरोबर काही नाही. अर्ध्या चिलटांना याच्या उलट शिकवा, हे विसरू नका. मग साखर काढून तपासा, आणि तपासताना साखरेचा रंग कधी मंद, कधी प्रखर करा. तरीही त्याच रंगाकडे गेली तर आजींना बिनधास्त हो म्हणा. रंग शिकवून तपासायची ही वाट चिलटांवर १९७७ मध्येच चोखाळली गेली आहे.

उपाशी ठेवताना ओला कापूस बाटलीत असू द्या, आपल्या उन्हात कोरडी चिलटं लवकर मरतात. अंधारात हाताळायला लाल बल्ब लावा, तो त्यांना जवळजवळ दिसत नाही.

धागाकर्ती

निळा-हिरवा शेजारणींशिवाय ताडता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सोमवारी मुलींना फळ्यावर नेत्रिका काढून दाखवते. साखर गाळण-कागदावर भिजवून वाळवली तर चालेल ना?