अनुभव धागा: कंपनीकडून आपली माहिती फुटली तेव्हा

दारची तुळस
काल एका कंपनीचे पत्र आले की ग्राहकांची काही माहिती परक्या हाती लागली असून तसदीबद्दल ती दिलगीर आहे, आणि मला 2021 मधली एक दुपार आठवली. बाबा घरपोच औषधे मागवत असत. फोनवरच्या माणसाने त्यांच्या मधुमेहाच्या गोळीचे नाव, मात्रा आणि बिलाची रक्कम न अडखळता सांगितली, तेव्हा तो कंपनीचाच असणार असे धरून चालून, जादा घेतलेले पैसे परत मिळतील या भरवशावर बाबांनी ओटीपी वाचून दाखवला. 38,400 रुपये गेले. दोन दिवस ते ताटावर गप्प बसून होते. तिसऱ्या दिवशी आम्हाला कळले. सगळे त्यांनाच बोलले, पण गोळीचे नाव त्या माणसापर्यंत गेले कसे, हे कोणी विचारले नाही. तुमचेही अनुभव लिहा.

बँकेतली ताई
बाबांना बोल लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला तोशीस लागत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असल्यास मात्र तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे. म्हणून संकोचात गेलेले ते दोन दिवस मला फार सलले.

ओसरी
आमच्या सासूबाईंनाही अगदी असाच फोन आला होता, तोही औषधांचाच. कुकर लावला आहे, रात्री सविस्तर लिहिते.

पायवाट
2021 मध्ये एअर इंडियाने जाहीर केले होते की सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती फुटली, आणि तीत जन्मतारीख व पासपोर्टचा तपशीलही होता. 2011 पासूनच्या नोंदी इतकी वर्षे कशासाठी जपायच्या, हे मला अजून समजलेले नाही. पासवर्ड आपण बदलू, जन्मतारखेचे काय करायचे?

नाशिककर
माझ्या नावावर कोणीतरी 12,000 रुपयांचे कर्ज घेतले होते. गृहकर्जासाठी गेलो तेव्हा पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, ते दिसले. आता अहवालातल्या चुकीची तक्रार 30 दिवसांत न सुटल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. माझ्या वेळी ती नव्हती आणि पाच महिने हेलपाटे झाले. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो जरूर मागवा.

काळा कोट
2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम 43अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. याचा मला मनापासून राग येतो.

दारची तुळस
ताई, हे बाबांना आज वाचून दाखवले. त्यांनी 1930 हा सायबर तक्रारीचा क्रमांक पंचांगाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, आणि शेजारच्या काकांनाही तो सांगायला गेले आहेत.