शब्दचर्चा: थायलंडमधला गांजा – ‘कायदेशीर’, ‘करमणुकीसाठी’ आणि पुन्हा ‘बंदी’

पानगळ:

नमस्कार. थायलंडमध्ये गांजावरून जो वाद चालू आहे त्यावर एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. २०२२ मध्ये गांजा मोकळा झाला आणि २०२५ मध्ये सरकारने दोर पुन्हा आवळला, असा विषय. लिहायला बसले आणि तीन शब्दांपाशी अडले. ‘रिक्रिएशनल’ला काय म्हणायचं? ‘मनोरंजनात्मक गांजा’ असं लिहिलेलं मी वाचलंय, पण त्याने नाटक-सिनेमाच डोळ्यांपुढे येतो. ‘लीगल केला’ याला ‘कायदेशीर केला’ एवढं पुरतं का? आणि २०२५ मध्ये जे झालं त्याला ‘बंदी’ म्हणायचं का? कोशातले प्रतिशब्द माझ्याकडे आहेत. तिथे नक्की काय घडलं ते वाचकाला कळेल, असं मराठी हवं आहे.

खलबत्ता:

‘मनोरंजनात्मक’ अजिबात नको. ‘करमणूक’सुद्धा नको, करमणूक कर आठवतो. सरळ ‘नशेसाठी’ लिहा. गांजा नशेसाठीच ओढतात, त्यात लपवायचं काय? गांजेकस, भंगड हे शब्द आपल्याकडे किती जुने आहेत. भाषेने या विषयात कधी आडपडदा ठेवलेला नाही.

तळटीप:

‘नशेसाठी’ला माझा विरोध आहे. दारूच्या दुकानांवर लिहिताना आपण ‘नशेसाठीची दारू’ म्हणत नाही. जिथे वादच ‘हे व्यसन की ज्याची त्याची मौज’ असा आहे, तिथे लेखकाने पहिल्याच ओळीत निकाल देऊन टाकला तर दुसरी बाजू मांडायची कुणी? मी लेखाच्या निवेदनात ‘औषधाखेरीज इतर वापर’ किंवा ‘बिगरऔषधी वापर’ लिहीन. विरोधक बोलतील तेव्हा त्यांच्या तोंडी ‘नशा’, दुकानदार बोलेल तेव्हा त्याच्या तोंडी ‘मौज’. ज्याचा शब्द त्याच्याच तोंडी राहू द्यावा.

पण पानगळ, तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी घटना नीट मांडतो.

२०१८ च्या अखेरीस थाई संसदेने औषधी वापराला मुभा दिली. आग्नेय आशियात हे करणारा तो पहिला देश. २०१९ च्या निवडणुकीत अनुतिन चार्नवीराकुल यांच्या भूमजाइथाई पक्षाने घरटी सहा झाडं लावू देऊ असा प्रचार केला. निवडणुकीनंतर अनुतिन आरोग्यमंत्री झाले. ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर निघाला. ०.२ टक्क्यांहून जास्त टीएचसी, म्हणजे गांजातलं कैफ चढवणारं द्रव्य, असलेला अर्क तेवढा यादीत राहिला. गांजाच्या गुन्ह्यांत अडकलेले हजारो कैदी सुटले. सरकारने दहा लाख रोपं फुकट वाटायची घोषणा केली.

‘यादीतून बाहेर निघाला’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. विक्रीचा परवाना कुणाला, किती वाजेपर्यंत, शाळेपासून किती लांब, हे सांगणारा कायदा सोबत यायला हवा होता. तो आलाच नाही. विधेयक संसदेत रखडलं आणि मार्च २०२३ मध्ये सभागृह विसर्जित झालं. मधल्या काळात निघालेल्या आदेशांनी वीस वर्षांखालच्यांना, गरोदर बायकांना आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना विक्री मना केली. चारचौघांत ओढून धुराचा उपद्रव दिला तर सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २५ हजार बाहतपर्यंत दंड होता. आमचं धोरण औषधासाठी आहे, मौजेखातर ओढायला नाही, असं अनुतिन स्वतः वारंवार सांगत होते. पण दुकानातून घेऊन घरात ओढायला मनाई करणारं कलम कुठे होतं? बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर, पट्टायात, फुकेतमध्ये दुकानांची रांग लागली. काचेच्या बरण्यांत वाळवलेली फुलं, बरणीवर वाणाचं नाव आणि ग्रॅमचा भाव.

थाई वर्तमानपत्रांनी या काळाला जो शब्द वापरला तो ‘सुन्याकात’, म्हणजे पोकळी. त्याची अक्षरं आपल्या लिपीत एकास एक मांडली तर ‘सुञ्ञाकाश’ होतात. पालीतलं ‘सुञ्ञ’ म्हणजे शून्य, पुढे आकाश. डोक्यावर कायद्याचं छप्परच नाही, अशी स्थिती. तुमच्या ‘लीगल’चं उत्तर इथे आहे. ‘कायदेशीर केला’ म्हटलं की वाचकाला वाटतं कायदा करून परवानगी दिली. प्रत्यक्षात घडलं ते असं, की गांजा बाळगणं आणि विकणं ‘गुन्हा राहिला नाही’. मराठीत हे दोन्ही अर्थ वेगवेगळे सांगता येतात, मग एकाच शब्दात कोंबायचे कशाला?

खलबत्ता:

‘अमली’ शब्द आला आहे म्हणून विचारतो. लेखात ‘अमली पदार्थ’ लिहावं की ‘अंमली’? हा ‘अंमल’ राज्यकारभाराचा ना?

तळटीप:

हो, तोच. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे कृती. तिथून मराठीत सत्ता गाजवणं आलं आणि अंगावर चढलेला कैफही आला. ‘पेशव्यांचा अंमल’ आणि ‘अफूचा अंमल’ या दोन्ही ठिकाणी कुणाचा तरी ताबा चाललेला असतो. दोन्ही लेखनं चालतात, छापात ‘अमली’ जास्त दिसतं. थाई शब्दाचा भर मात्र दुसरीकडे आहे. ‘या सेप तित’मध्ये ‘या’ म्हणजे औषध, ‘सेप’ हा आपल्या ‘सेवन’मधल्या ‘सेव्’चा भाऊ, आणि ‘तित’ म्हणजे चिकटणं. सेवन करता करता चिकटणारं औषध. या यादीतून गांजा निघाला आणि लगेच वेगळ्या कायद्याखाली ‘नियंत्रित वनौषधी’ झाला. हा कायदा मूळचा पारंपरिक थाई वैद्यकाच्या ज्ञानाचं रक्षण करण्यासाठी १९९९ मध्ये झालेला. या एका नामांतरावर पुढचा सगळा वाद उभा आहे, त्यामुळे लेखात ‘नियंत्रित वनौषधी’ हा शब्द यायलाच हवा.

रोजनामा:

वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडं. आपल्या १९८५ च्या कायद्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ असं लांबलचक आहे. कोर्टात सगळे एनडीपीएसच म्हणतात. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. चरस म्हणजे झाडापासून वेगळा काढलेला चीक. भांग पानांची, म्हणून ती या व्याख्येबाहेर राहते आणि राज्यांच्या नियमांखाली जाते. तेव्हा लेखात कुठेही ‘भांग कायदेशीर केली’ असं लिहू नका. थायलंडमध्ये भांडण फुलांवरून आहे, आणि फुलाला मराठीत गांजाच म्हणतात.

दुसरं, आणि हे कळकळीने सांगतो. ‘तिथे कायदेशीर आहे’ या तीन शब्दांनी इथली मुलं अडकली आहेत. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून ‘हायड्रो गांजा’ (मातीविना, पाण्यावर वाढवलेला) पकडल्याच्या मुंबई विमानतळावरच्या बातम्या २०२४-२५ मध्ये सतत येत होत्या. आपल्या कायद्यात गांजाचं व्यापारी प्रमाण वीस किलोंच्या वर धरतात, त्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे आणि जामीन मिळता मिळत नाही. एक किलोपर्यंतचा ‘अल्प’ साठाही गुन्हाच आहे. बॅग भरून देणारा माणूस मुलाला ‘तिकडे लीगल आहे’ एवढंच सांगतो, आणि मुलाला ते विमानाच्या दोन्ही टोकांना खरं वाटतं. म्हणून शब्द सैल नको.

पानगळ:

रोजनामा, हे लेखात चौकटीत घालते. मग २०२५ चं काय? ‘पुन्हा बंदी’ म्हणू का?

तळटीप:

माझ्या मते नाही. क्रम पाहा. मे २०२४ मध्ये पंतप्रधान स्रेत्था थाविसिन यांनी जाहीर केलं की वर्षअखेरीपर्यंत गांजा पुन्हा अमली पदार्थांच्या यादीत टाकू. तसं झालं असतं तर तुमचं ‘पुन्हा बंदी’ योग्य ठरलं असतं. पण शेतकरी, दुकानदार, कार्यकर्ते सरकारी कचेरीसमोर बसले, सत्ताधारी आघाडीतल्या भूमजाइथाईने विरोध केला, आणि तो बेत मागे पडला. जून २०२५ मध्ये भूमजाइथाई आघाडीतून बाहेर पडला. आठवडाभरातच आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुथिन यांनी आदेशावर सही केली: गांजाचं फूल यापुढे फक्त चिठ्ठीवर. चिठ्ठी डॉक्टर देऊ शकतो, पारंपरिक थाई वैद्य देऊ शकतो, औषधनिर्माताही देऊ शकतो. तीस दिवस पुरेल इतकाच माल. जाहिरात बंद, ऑनलाइन विक्री बंद.

म्हणजे वस्तूवर बंदी आलेली नाही, विक्रीला अट आली आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात पाटी असते, ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही’. तोच शब्द घ्या. ‘थायलंडमध्ये गांजाला चिठ्ठीची अट’ हा मथळा छोटा आहे, खरा आहे आणि कुणालाही कळतो.

झाडीपट्टी:

तळटीप यांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण ‘बंदी’ हा शब्द लोक कागद पाहून वापरत नाहीत. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या काळात दारू मिळत नव्हती असं इथलं कुणी म्हणणार नाही, तरी तिला सगळे बंदीच म्हणत, कारण दुकानाला टाळं होतं. उलट गावागावांत बायका मतदान घेऊन परवान्याचं दुकान बंद पाडतात, त्याला आम्ही ‘बाटली आडवी केली’ म्हणतो. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आधी सरकारने दिलेली मोकळीक लोकांनी परत घेणं, याला मराठीत याहून चांगला शब्दप्रयोग मला तरी माहीत नाही.

थायलंडमध्ये असं मतदान झालेलं नाही, त्यामुळे तो तुमच्या लेखात थेट चालणार नाही हे कळतं. पण प्रश्न उरतो. कर्ज काढून दुकान टाकलेल्या थाई माणसाला ‘अट’ म्हणून दिलासा मिळतो का? त्याच्या गिऱ्हाइकांत पर्यटकच जास्त. त्यांना वैद्याकडे पाठवायचं म्हणजे गिऱ्हाईक गेलंच. त्याच्या तोंडी ‘बंदी’च येणार. आणि ज्या आईचा मुलगा शाळेत असतानाच गांजाला लागला, तिला ‘अट’ फार थोडी वाटणार. दोघांचेही शब्द लेखात असू द्या.

रोजनामा:

झाडीपट्टींच्या बोलण्यावरून आठवलं. ‘चिठ्ठीची अट’ महाराष्ट्राला नवी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली इथे दारू प्यायला आजही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, आणि तो कागदोपत्री आरोग्याच्या जतनासाठी दिलेला असतो. पिणाऱ्याला विचारलं तर तो आरोग्याचं नाव घेणार नाही. औषधाच्या नावाने दिलेली मुभा मौजेसाठी कशी वापरली जाते, हे आपण सत्तरहून जास्त वर्षं पाहतो आहोत. थायलंडच्या चिठ्ठीचं पुढे काय होईल, या प्रश्नाला मराठी वाचक याच अनुभवातून भिडेल.

खलबत्ता:

म्हणजे फिरून माझ्याच शब्दापाशी आलो. सगळ्यांना माहीत आहे कशासाठी, पण लिहायचं ‘आरोग्य’. मी अजूनही ‘नशेसाठी’ म्हणेन. ‘बिगरऔषधी’ हा फाइलीतला शब्द आहे, घरात कुणी बोलत नाही.

पानगळ:

‘बिगरऔषधी’ निवेदनात एकदाच घेते, पुढे ‘मौजेखातर’ आणि ‘नशेसाठी’ ज्याच्या त्याच्या तोंडी. शेवटची एक अडचण. थाई चर्चेत ‘कन्छा सेरी’ हा शब्दप्रयोग सारखा येतो. ‘कन्छा’ म्हणजे गांजा हे कळलं, शब्द आपल्याकडूनच गेलेला दिसतो. ‘सेरी’ला ‘मुक्त’ म्हणू की ‘मोकाट’?

तळटीप:

‘कन्छा’ लिहितात ‘कञ्जा’ असं, म्हणजे ‘गांजा’च. ‘सेरी’ पालीतून आला आहे. संस्कृतात त्याचं भावंड ‘स्वैरी’, आणि आपल्या ‘स्वैर’चं घराणं तेच. पण थाईत ‘सेरी’ला वाईट छटा नाही, स्वातंत्र्याला ते ‘सेरीफाप’ म्हणतात. मराठीत ‘स्वैर’ म्हटलं की ताळ सुटलेला माणूस दिसतो. तेव्हा मुळाच्या मोहाने ‘स्वैर गांजा’ लिहू नका. वाक्य लागवडीबद्दल असेल, घरी झाडं लावू द्या अशा अर्थाचं, तर ‘मुक्त’. डॉक्टर, पालक, विरोधी खासदार टीका म्हणून वापरत असतील तर ‘मोकाट’. थाईत शब्द एकच आहे, बोलणारा बदलला की सूर बदलतो. मराठीत दोन शब्द घ्यावे लागतील.

झाडीपट्टी:

‘मोकाट’ चांगला आहे, पण तो जनावराला लावतात. झाडाला ‘मोकळा’ जास्त जवळचा वाटतो. ‘गांजा मोकळा सोडला’ असं आमच्याकडे सहज म्हणतील, कौतुकाने आणि रागानेही. मग दोन शब्दांची गरजच राहत नाही.

पानगळ:

‘मोकळा’ घेते. पहिल्या परिच्छेदात ‘मोकळा झाला’ मी आधीच लिहिलं होतं, तेच पुढे चालवता येईल. मथळा ‘चिठ्ठीची अट’वाला ठेवते. मसुदा झाला की इथेच टाकते; रोजनामा, विमानतळाची चौकट तुम्ही एकदा नजरेखालून घाला.